गाविलगडाची उत्तरेकडील वाट

आमच्या भातकुली गावाचा जन्मच मुळी एका फसलेल्या मोहिमेतून झाला, असे पुराणांवरून म्हणावे लागते. रुक्मिणीचे हरण झाल्याची वार्ता कळताच तिचा बंधू रुक्मी हा एक अक्षौहिणी सैन्य घेऊन श्रीकृष्णाच्या पाठीस लागला. बहिणीस परत आणल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने निघण्यापूर्वीच करून टाकली होती. प्रतिज्ञेस वेळ फार लागत नाही. तयारीस लागतो, आणि तीच राहून गेली. रुक्मीचा पराभव झाला, केस व मिशा अर्धवट भादरल्या गेल्या, आणि परतण्याची वाट स्वतःच्याच शब्दाने बंद करून घेतलेल्या त्या राजपुत्राने भोजकट नावाचे नवे नगर वसविले. ते भोजकट म्हणजेच आजची भातकुली, अशी परंपरा आहे व संशोधकांनीही ती उचलून धरिली आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात 'भोजकट राज्य' असा स्पष्ट उल्लेख येतो. त्या राज्यातील मधुनदीच्या तीरावरचे चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा तो लेख आहे. हे चर्मांक म्हणजे अचलपुराजवळचे चम्मक. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या आम्हांस नदीचे ते नाव वाचताना अजूनही जिभेला पाणी सुटते.

कारण भातकुलीचे पाणी मचूळ. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसास व हरभऱ्यास कितीही उदार असली, तरी विहीर खोदणाऱ्याशी तिने कधी गोडीने व्यवहार केला नाही. पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी उत्तरेस क्षितिजावर निळसर रेघ दिसते, ती गाविलगडच्या डोंगराची. आमच्या मुलखाचे गोड पाणी तिकडून येते. चंद्रभागा, सापन, बिच्छन, शहानूर या नद्या त्याच रांगेतून खाली उतरतात, आणि शहानूरच्या धरणाचे पाणी तर नळावाटे खारपाणपट्ट्यातील गावांच्या घरांत आले आहे. जुन्या लोकांनी वऱ्हाडाचे तीन भाग मानिले होते: सपाटीचा तो पयनघाट, दक्षिणेच्या पठाराचा बालाघाट, आणि उत्तरेचा, जेथे घाटांशी घाट येऊन मिळतात, तो मेळघाट. आम्ही पयनघाटचे लोक मेळघाटाकडे पाहतो ते पाण्यासाठी, सागाच्या लाकडासाठी, आणि वर्षातून एकदा, सहलीसाठी.

दिवाळीची सुटी संपत आली की विद्यार्थ्यांची एक टोळी आमच्या घरी येते. 'सर, यंदा गाविलगड पायी करावयाचा; बेत आखून द्या.' यंदा त्यांनी बेत बरोबरच आणला होता. मोबाईलच्या नकाशावर बोटाने रेघ ओढून त्यांनी दक्षिणेच्या पायथ्यापासून गडापर्यंतचे अंतर काढले होते, आणि ते फारच थोडे भरल्यामुळे सर्वांची मुद्रा प्रसन्न होती. आम्ही त्यांस विचारिले, 'ही वाट तुम्हांस सुचविली कोणी?' उत्तर आले, 'कोणी नाही, नकाशात दिसते.' तेव्हा आम्हांस त्यांना एक जुनी हकीकत सांगावी लागली, व ती सांगून झाल्यावर वाटले की, ती वाचकांसही सांगण्याजोगी आहे.

गाविलगड हा तापी व पूर्णा या दोन नद्यांच्या मधल्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फूट उंच वसलेला आहे. गवळ्यांच्या वस्तीवरून त्यास हे नाव पडले असे मानतात. तटबंदीचा किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास उभारिला, व पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याने तो डागडुजी करून बळकट केला. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंड पाहून प्रवासी थबकतात, आम्हीही थबकतो. पण किल्ल्याच्या रचनेतील खरी पाहण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. दक्षिणेस, जिकडून तो पयनघाटातून छाती काढून उभा दिसतो, तिकडे कडाच इतका तुटलेला आहे की, माणसाने फारसे काही करण्याचे कारण नव्हते. उत्तरेकडे मात्र गडाची जमीन लवाडा गावाच्या पठाराशी जवळजवळ समपातळीत येते. आणि तिकडे आतल्या किल्ल्याचा तट, त्यापुढे बाहेरच्या किल्ल्याचा तट, आणि त्याही पलीकडे तिसरी भिंत, अशी तिहेरी तजवीज केलेली आहे. मनुष्य आपल्या घराच्या ज्या दारास तीन कड्या लावितो, ते दार त्यास कच्चे वाटत असते हे उघड आहे. गड बांधणारास आपले मर्म ठाऊक होते. तथापि त्याचा भरवसा केवळ भिंतींवर नव्हता. अचलपुराहून लवाड्यास यावयाचे तर सुमारे तीस मैल डोंगरदऱ्यांतून व दाट अरण्यातून वाट काढावी लागे. तीस मैलांची ती वाट हीच गाविलगडाची चौथी भिंत होती.

१८०३ मध्ये ती भिंत पडली. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली; स्टीव्हन्सनच्या फौजेने ऑक्टोबरात बऱ्हाणपूर व आसीरगड घेतले; आणि २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानावर वेलस्ली व स्टीव्हन्सन या दोघांनी मिळून नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा मोड केला. ही लढाई इंग्रजी ग्रंथांत 'अर्गाव' या नावाने सापडते. भोसल्यांचे उरलेले शिस्तीचे पायदळ गाविलगडाच्या आश्रयास गेले. गडाचा किल्लेदार बेनीसिंग राजपूत हा शूर म्हणून नावाजलेला होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८१५ मध्ये वॉटर्लूवर नेपोलियनशी लढला, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. पण पयनघाटाच्या धुळीत त्याने जी एक गोष्ट शहाणपणाने केली, ती फारशी कोणी सांगत नाही. तो ५ डिसेंबरला एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, पोहोचला. जखमींसाठी तेथे इस्पितळ उघडले. आणि चौकशी करीत बसला.

ही चौकशी म्हणजेच त्या स्वारीचे मर्म होय. गडास तीन दरवाजांनी वाटा जातात. दक्षिणेची वाट लांब, उभ्या चढाची, गुराढोरांपुरतीच. दुसरी गडाच्या पश्चिम अंगाने वळसा घेत वायव्येच्या दरवाजास जाते, व तिचा पुष्कळसा भाग तटावरच्या माऱ्याखाली येतो. तिसरी उत्तरेची, लवाड्याकडून. जवळची कोणती हे कोणालाही नकाशावरून सांगता आले असते. पण एलिचपुरात विचारपूस केल्यानंतर दोघाही सेनापतींचे मत पडले की, तोफा व सामान लवाड्यापर्यंत नेण्याचे कष्ट अतोनात असले, तरी हल्ला करावयाचा तो उत्तरेकडूनच. वेलस्लीने १५ डिसेंबरला लिहिलेल्या पत्रात हे नमूद आहे. ज्यांनी ही माहिती पुरविली त्यांची नावे त्या पत्रात नाहीत. एलिचपूर त्या वेळी निजामाकडे होते, निजाम कंपनीचा दोस्त होता. आणि वऱ्हाडची प्रजा कित्येक वर्षे निजाम व भोसले अशा दोन धन्यांस वसूल भरून टेकीस आलेली होती. दोघांपैकी कोणासाठी तोंड मिटून बसावे, असे तिला वाटण्याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.

निर्णय झाल्यावर बेत काटेकोरपणे आखला गेला. स्टीव्हन्सनच्या फौजेने वेढ्याची सामग्री आसीरगडाहूनच जमवून आणली होती, म्हणून मुख्य काम त्याच्याकडे गेले. डोंगरात शिरण्याच्या तोंडावर जी गढी होती ती त्याच्या तुकडीने आधी ताब्यात घेतली. ती धामणगावची गढी. गावाचे नाव आजतागायत धामणगाव गढी असेच आहे. ७ डिसेंबरला दोन्ही फौजा एलिचपुराहून निघाल्या: स्टीव्हन्सन धामणगावावरून डोंगरात, वेलस्ली दक्षिण पायथ्याच्या देवगावास. पुढील पाच दिवसांचे वर्णन वाचताना मनुष्य थक्क होतो. अठरा पौंडी व बारा पौंडी गोळे फेकणाऱ्या लोखंडी तोफा डोंगरांवरून व नाल्यांतून जवळजवळ सबंध वाट हातांनी ओढून न्याव्या लागल्या, आणि ज्या रस्त्याने त्या ओढावयाच्या तो रस्ताही आधी सैन्यानेच करावयाचा होता. असले कष्ट आपण पूर्वी कधी पाहिले नाहीत, अशा अर्थाची कबुली खुद्द वेलस्लीने दिली आहे. आणि तो काही हळवा मनुष्य नव्हता.

१२ डिसेंबरच्या रात्री लवाड्याकडे तोफांचे दोन मोर्चे उभे राहिले. त्याच रात्री वेलस्लीनेही दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर एक मोर्चा बांधिला. पण त्याच्या जड तोफा काही केल्या वर चढेनात. आमच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर बोटाने ओढलेली रेघ ती हीच! १३ तारखेस सकाळी मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटास खिंडारे पडली, आणि १५ डिसेंबरच्या सकाळी दहाच्या सुमारास हल्ला चढविण्यात आला. बाहेरचा किल्ला पडला तरी आतल्या तटास खिंडार नव्हते. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल याने ९४ व्या पलटणीच्या हलक्या पायदळासह शिड्या लावून भिंत ओलांडली व आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढत पडला. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या राशीत त्याचा देह सापडला. या हल्ल्यात माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन हजर होता, ज्याचे नाव पुढे मुंबईच्या कॉलेजास दिले गेले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामास गेला, कटक व बालासोर कंपनीस गेले. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांस परत मिळाले. कटक गमावून मिळालेला तो गड, चौथी भिंत पडून गेलेला!

आमच्याकडील लेखकांत गाविलगडाविषयी बोलताना दोन सूर ऐकू येतात. एक बेनीसिंगाच्या शौर्याचा, दुसरा फितुरीचा. पहिला खरा आहे. दुसऱ्याची आम्हांस गरज वाटत नाही. आमच्या मते गड पडला तो अरण्याविषयीच्या एका चुकीच्या समजुतीमुळे. अरण्य आपोआप रक्षण करीत नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरू लागला, तेव्हा उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्यास दोन्ही तोंडांनी कोंडिले. पाण्यावाचून त्याचे लोक कासावीस झाले, आणि शेवटी खंडणी भरून त्याने जीव सोडवून घेतला. त्याच्याबरोबर असलेली रायबागन ही माहूरची, म्हणजे आमच्या वऱ्हाडकडचीच; अशा रानात शिरणे मूर्खपणाचे आहे असे तिने त्यास फटकारल्याचे वर्णन परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. अरुंद वाट, जड सामान, दोन्ही बाजूंस झाडी. उंबरखिंड व लवाड्याची वाट यांत भूगोलाचा फरक फारसा नाही. फरक इतकाच की, सह्याद्रीच्या त्या रानातला मनुष्य महाराजांचा होता. मेळघाटच्या रानातला कोरकू भोसल्यांचा नव्हता, निजामाचा नव्हता, कोणाचाच नव्हता. सातपुड्याच्या या टोकास राहून मुंडा कुळातली, दूरच्या संथाळीशी व मुंडारीशी नाते सांगणारी बोली बोलणाऱ्या त्या माणसाकडे नागपूरच्या दरबाराने आपले म्हणून पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. वेलस्लीच्या पत्रात स्टीव्हन्सनच्या त्या पाच दिवसांचे वर्णन येते ते श्रमांचे, लढाईचे नव्हे. एवढ्या मोठ्या चौथ्या भिंतीवर पहारा ठेवण्याचे कोणास सुचले नव्हते.

आम्ही हे विद्यार्थ्यांस ऐटीने सांगितले खरे. पण मग आमचीही एक गोष्ट सांगणे भाग पडले. तरुणपणी, नुकतीच प्राध्यापकी मिळालेली असताना, आम्ही चौघा मित्रांसह मार्च महिन्यात याच दक्षिण अंगाने गड चढावयास निघालो. वेलस्लीची पत्रे तोवर वाचून झाली होती, हे विशेष. नकाशावर दोन नाले निळ्या शाईने काढलेले होते. त्यांच्या भरवशावर दर माणशी एकेक बाटली पाणी घेतले. पहिला नाला कोरडा निघाला. दुसऱ्यात नुसता पाचोळा. दुपारी दोनच्या सुमारास एकाचे पाय लटपटू लागले, व आम्ही वाट सोडून सावली धरून बसलो. तेवढ्यात म्हशींमागून एक म्हातारा गवळी उतरला. त्याने आमच्याकडे पाहिले, रिकाम्या बाटल्यांकडे पाहिले, आणि काही न बोलता थोडे खाली नेऊन नाल्याच्या वळणावर हातांनी वाळू उकरली. त्या झिऱ्यात ओंजळभर, मग तांब्याभर, गार गोड पाणी जमले. आम्ही पिऊन झाल्यावर त्याने विचारिले, 'गडाखाली कोनाले इचारलं नाई काय, मास्तर, पानी कुठी हाय थे?' आम्ही इतिहासाचे प्राध्यापक. आम्हांस उत्तर देता आले नाही.

गाविलगडाच्या पुढील काळाविषयी थोडक्यात. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा 'शोध' लाविला असे सर्वत्र छापलेले असते. वीस वर्षांपूर्वी सबंध एक फौज तेथून जवळच तोफा ओढीत गेली होती, आणि गवळी व कोरकू त्याच्याही कितीतरी आधीपासून तेथे राहत होते. पण शोध लागावयास साहेबास हवा आवडावी लागते. १८५८ मध्ये तात्या टोपे दक्षिणेकडे वळल्यावर त्याने या गडाचा आसरा घेऊ नये म्हणून इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकिली. म्हणजे पंचावन्न वर्षांनंतरही त्यांस या वाटेचे भय होते. मग सागाचे राखीव जंगल आले, आणि १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प; देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. वाघ राहिला ही आनंदाची गोष्ट आहे. पण गाभ्यातील कोहा, कुंड, बोरी ही गावे अकोटकडील सपाटीवर हलविली गेली. त्यांच्यामागून आणखीही गावे उतरली. ज्या माणसांस कोणत्या नाल्याच्या कोणत्या वळणावर झिरा लागतो हे ठाऊक होते, त्यांची मुले आता आमच्याप्रमाणे पयनघाटात राहतात. नकाशे पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले झाले आहेत, आणि विचारावयाचे कोणास, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ही हानी एखादे दफ्तर जळण्याहून कमी वाटू नये. जळालेल्या दफ्तराची निदान यादी तरी कोठे असते.

असो. विद्यार्थ्यांचा बेत आम्ही मोडला, व सर्वांनी मिळून दुसरा आखला. पावसाळा नको, तेव्हा पठारावर धुके इतके दाटते की दहा हातांवरचा तट दिसत नाही, आणि रविवारी मोटारींची रांग धुक्यातूनही दिसते. मार्च तर नकोच. स्टीव्हन्सनचाच महिना बरा: डिसेंबरात नाल्यांना थोडे पाणी असते, चढताना ऊन लागत नाही, फक्त रात्री घोंगडी हवी. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी शिरता येत नाही, आणि शिरूही नये. तेथील सेमाडोह, कोलकास वगैरे ठिकाणे वनखात्याच्या गाडीतून पाहावी. पायी जाणे ते परवानगी असेल तेवढेच, वाटाड्या बरोबर घेऊन. जंगलात चूल पेटवावयाची नाही, म्हणून रोडग्यांचा बेत रद्द झाला. यावरून बरीच हळहळ झाली, व वऱ्हाडी मनुष्यास ती शोभतेच. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी व कांदे यांवर तडजोड झाली. पाणी दर माणशी चार लिटर. या कलमावर आम्ही चर्चा होऊ दिली नाही.

वाट अर्थात उत्तरेची. परतवाड्याहून धामणगाव गढी व मोथा यांवरून चिखलदऱ्यास जाणारी हल्लीची सडक साधारण स्टीव्हन्सनच्याच दिशेने चढते. धामणगावास उतरून गढीची जागा पाहावयाची, तेथून एस्टीने वर जावयाचे, आणि लवाड्याकडील पठारावरून गडाच्या त्या तीन भिंतींसमोर जाऊन उभे राहावयाचे. तेथे पोहोचल्यावर दिल्ली दरवाजाची छायाचित्रे खुशाल काढावी. पण आधी अर्धा तास पाठ गडाकडे करून ज्या डोंगरांतून त्या तोफा आल्या त्यांकडे बघत बसावे, अशी अट आम्ही घातली आहे.

एक काम मात्र निघण्यापूर्वीचे राहिले होते. ते गेल्या रविवारी दोघे विद्यार्थी जाऊन करून आले. अचलपूरच्या बाजारात त्यांनी मोहाची फुले विकणाऱ्या एका कोरकू बाईस विचारिले की, लवाड्याकडे डिसेंबरात पाणी कोठे सापडते. तिने प्रथम विचारले, 'किती जण येनार?' आकडा ऐकून तिने मान हलविली, बाजूला बसलेल्या भावास हाक मारली, आणि मग तिघेचौघे मिळून तासभर मातीत काडीने रेघा ओढीत होते. तो कागद त्यांनी आम्हांस आणून दाखविला. त्यात अंतरे नाहीत, दिशाही नीटशा नाहीत. एक वाकडे आवळ्याचे झाड आहे, एक खडक आहे, आणि त्याखाली एका विद्यार्थ्याच्या अक्षरात लिहिले आहे: 'येथे उकरावे.'